व्हीपीएन चालू आहे, पण काम करतंय का?

मंडळी, व्हीपीएनचं बटण दाबलं की आपण अदृश्य झालो, असं नाही! दोन मिनिटांत तपासून बघा. व्हीपीएन बंद असताना आपला आयपी पत्ता कागदावर लिहून ठेवा आणि चालू केल्यावर पुन्हा पाहा. तोच आकडा दिसला, तर व्हीपीएन नुसतं नावाला आहे. आयपीव्ही६ पत्ताही असाच तपासा. मग ‘डीएनएस लीक टेस्ट’ करा. तिथे घरच्या इंटरनेट कंपनीचं नाव आलं, तर आपण कुठल्या साइटवर जातो हे तिला अजूनही कळतंय.

आणि हो, खोट्या देणगी-पानापासून व्हीपीएन वाचवत नाही. कार्डाचा नंबर देण्याआधी साइटचा पत्ता नीट वाचा. आपली देणगी योग्य हातीच पडायला हवी ना!