वस्तीजोगा ग्रह



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने ग्रहनिर्मितीवर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. आम्हांलाही प्रथम तसेच वाटले. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात पुष्कळ, असे झालेले. गणिताची बाजू लंगडीच. परंतु यंत्र कसे चालते आणि ते कोणाच्या जिवावर चालते, हे दोन प्रश्न विचारण्याची आम्हांला सवय आहे. आज ग्रहाविषयीही तेच दोन प्रश्न विचारावयाचे आहेत.

निमित्त घडले ते असे. मुळशी तालुक्यात पिरंगुटला एका कामगाराच्या घरी बैठक होती. बाहेर पावसाने धार धरली होती. माणसे जमायला उशीर होता. घरातली कॉलेजात जाणारी मुलगी संगणकावर काहीतरी खेळत बसली होती. पाहतो तो पडद्यावर मंगळ! या खेळाचे नाव ‘युनिव्हर्स सँडबॉक्स’. तो २००८ साली प्रथम निघाला. सूर्य, ग्रह, चंद्र आपण मांडावयाचे. त्यांचे वजन, अंतर, हवा, पाणी आपण ठरवावयाचे. आणि काळ पुढे ढकलून काय होते ते पाहावयाचे. मुलीला मंगळ वस्तीजोगा करावयाचा होता.

“काका, पाणी घातलं, हवा घातली, तरी गोठतोच आहे हा,” ती म्हणाली.

“सूर्याच्या जवळ ने की,” आम्ही म्हणालो.

तिने नेला, तर पाणी उकळून गेले. मग बैठक सुरू झाली आणि मंगळ तसाच राहिला. आमच्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. साहित्य सगळे असून घर का उभे राहीना?

आता साहित्य कोणते ते आधी पाहू. पहिली गोष्ट अंतर. शेकोटीपासून फार दूर बसले तर थंडी वाजते, फार जवळ बसले तर चटके बसतात. सूर्याभोवतीही पाणी पातळ राहील असा एक पट्टा आहे. पण एवढ्याने भागत नाही. आपला चंद्र सूर्यापासून पृथ्वीइतक्याच अंतरावर आहे, तरी तेथे ना हवा, ना वाहते पाणी. कारण दुसरी गोष्ट वजन. चंद्र हलका असल्यामुळे त्याला हवा धरून ठेवता आली नाही. मंगळाचे वजनही पृथ्वीच्या सुमारे एक दशांशच. त्याच्या हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहून कमी आहे.

तिसरी गोष्ट हवेचे पांघरूण. पृथ्वीवर ते नसते, तर तिचे सरासरी तपमान शून्याखाली १८ अंश राहिले असते. ते सुमारे १५ अंश आहे, याचे श्रेय हवेतील वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांसारख्या वायूंना. परंतु पांघरूण फार जाड झाले तर काय होते, हे शुक्रावर दिसते. तेथील हवेत ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड असून पृष्ठभाग सुमारे ४६० अंशांवर तापलेला आहे. शिसेसुद्धा तेथे वितळेल.

तेव्हा अंतर, वजन, पांघरूण ही झाली सामग्री. पण सामग्री म्हणजे कारखाना नव्हे. सूर्य स्वतः स्थिर नाही. पृथ्वी जन्मली तेव्हा तो आजच्यापेक्षा सुमारे ३० टक्के मंद होता. शेकोटी भडकत गेली, तरी पृथ्वीवरचे पाणी अब्जावधी वर्षे बहुतेक काळ पातळच राहिले. हे काम कोणी केले?

जुन्या गिरणीतील वाफेचे इंजिन ज्यांनी पाहिले असेल, त्यांना ‘गव्हर्नर’ ठाऊक असेल. दोन लोखंडी गोळे गरगर फिरतात. वेग वाढला की ते फाकतात आणि वाफेची झडप आवळतात. वेग घटला की खाली येतात आणि झडप सैल करतात. ग्रहालाही असा गव्हर्नर लागतो. वॉकर, हेज आणि कास्टिंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९८१ साली त्याची मांडणी केली. हा गव्हर्नर पाहण्यासाठी दुर्बिणीची गरज नाही. पौडावरून ताम्हिणीच्या वाटेला लागावे, म्हणजे तो दोन्ही बाजूंना उभा दिसतो. आपला काळा कातळ तो हाच.

पावसाचा थेंब हवेतून येताना थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतो व किंचित आंबट होतो. असे पाणी कातळाला खाते आणि त्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडवून नदीत नेते. समुद्रात त्याचे शिंपले बनतात, शिंपल्यांचा चुनखडक बनतो, आणि हवेतला वायू दगड होऊन तळाशी निजतो. पुढे समुद्राचा तळ सरकत सरकत पृथ्वीच्या पोटात जातो, तेथे दगड भाजला जातो आणि ज्वालामुखीच्या तोंडाने तो वायू पुन्हा हवेत येतो.

आता झडप कोठे आहे ते पाहा. उष्णता वाढली की पाऊस वाढतो, कातळाची झीज वाढते, हवेतील वायू अधिक वेगाने खेचला जातो आणि ग्रह निवतो. थंडी वाढली की झीज मंदावते. ज्वालामुखी मात्र आपला वायू सोडीतच असतात. पांघरूण हळूहळू जाड होते आणि ग्रह ऊब धरतो. एक देणारा, एक घेणारा, आणि दोघांचा हिशेब उष्णतेशी बांधलेला!

यातली गंमत अशी की आपला सह्याद्री या हिशेबाच्या दोन्ही बाजूंना आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हारस थरावर थर पसरले, तेव्हा त्यांनी वायू अमाप ओकला. आज तोच थिजलेला रस पावसात झिजून वायू परत घेत आहे. ताम्हिणीला एखाद्या वर्षी ६,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुणे शहराला त्याचा आठवा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ. उष्ण हवा, मुसळधार पाऊस आणि काळा कातळ एकत्र आले की हे काम जोरात चालते.

मग त्या मुलीचा मंगळ का बिघडला, हे उघड आहे. मंगळ लहान, म्हणून लवकर निवाला. पोटातली भट्टी मंदावली आणि वायू परत देणारा उरला नाही. शुक्राचे उलट झाले. त्याचे पाणी गेले, म्हणजे वायू घेणारा गेला. वास्तविक शुक्राजवळ आणि पृथ्वीजवळ कार्बनचा साठा साधारण सारखाच आहे. आपला बराचसा दगडांत बंद आहे. शुक्राचा हवेत मोकळा आहे.

‘सिमअर्थ’ नावाचा आणखी जुना खेळ १९९० साली विल राइट यांनी काढला. जेम्स लव्हलॉक या शास्त्रज्ञाच्या विचारांवर तो उभारलेला होता. त्यात ज्वालामुखींसाठी एक कळ आणि झिजेसाठी दुसरी, अशी सोय होती. तात्पर्य, वस्तीजोगा ग्रह केवळ सामग्री जमवून होत नाही. घेतलेले परत देणारा फेरा चालू असावा लागतो.

येथवर यंत्र कसे चालते ते झाले. आता दुसरा प्रश्न.

खेळात समुद्राची पातळी वाढविली की किनारा निळा होतो. तेथे कोण राहत होते, हे पडद्यावर येत नाही. मुळशीकरांना ही निळाई नवी नाही. नीला आणि मुळा यांच्या पाण्यावर टाटा कंपनीने धरण योजिले, तेव्हा पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी अशाच एका नकाशावर निळ्या झाल्या. १९२१ साली मावळे शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. तो १९२४ पर्यंत चालला आणि हरला. मुळेचे पाणी वास्तविक भीमा-कृष्णेवाटे पूर्व समुद्राला जावयाचे. ते घाटावरून खाली भिऱ्याला सोडले, तेथून कुंडलिकेवाटे पश्चिम समुद्राला जाऊ लागले. भिऱ्याचे वीजघर १९२७ साली सुरू झाले.

ती वीज मुंबईला गेली, आणि मुंबईच्या गिरण्यांत आमचेच बांधव काम करीत होते. ही गोष्ट आम्ही लपवीत नाही. त्या उजेडात आमच्या चळवळीच्या सभाही झाल्या असतील. मात्र ज्याच्या भातखाचरावर पाणी चढले, त्याला त्या सभेत जागा नव्हती. यंत्र एकासाठी नीट चालते, तेव्हा ते दुसऱ्यासाठीही नीट चालते असे नव्हे.

आज हाच प्रश्न साऱ्या ग्रहापुढे आहे. दगडात बंद असलेला कार्बन आपण कोळसा आणि तेल यांच्या रूपाने उकरून जाळीत आहोत. सर्व ज्वालामुखी मिळून वर्षाला जितका वायू सोडतात, त्याच्या पन्नास पटींहून अधिक आपण सोडतो. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत तो सुमारे २८० भाग होता; आता ४२० च्या वर गेला आहे.

कोणी म्हणेल, “गव्हर्नर आहे ना? कातळ घेईल परत.” घेईल, यात शंका नाही. परंतु या गव्हर्नरचा हिशेब लक्षावधी वर्षांचा असतो. खेळात आपण काळ बोटाने पुढे ढकलतो. उन्हात उसाला पाणी देणाऱ्या माणसाला, पत्र्याच्या शेडमध्ये पाळी भरणाऱ्या कामगाराला तो तसा ढकलता येत नाही. कालांतराने ग्रह निवेल. पण मधल्या काळात वस्ती कोणाची टिकेल, हे कातळ ठरविणार नाही. ते आपण ठरवीत आहोत.

बैठक संपून आम्ही निघालो, तेव्हा त्या मुलीने खेळ पुन्हा पहिल्यापासून मांडला होता. ती सोय तिच्या खेळात आहे, आणि शिकण्यासाठी ती चांगलीच आहे. मुळशीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांना ती मिळाली नाही. म्हणून आपणा सर्वांना एकच विनंती. यापुढे कोणतीही मोठी योजना नकाशावर पाहाल, मग ती धरणाची असो, कारखान्याची असो वा साऱ्या पृथ्वीचे हवामान सुधारण्याची असो, तेव्हा ती कशी चालेल हे जरूर विचारा. आणि तो नकाशा गुंडाळला जाण्यापूर्वी त्यावर गाव कोठे आहे, तेही विचारा.