बारा व्होल्टची ओढ

2023 साली मध्य प्रदेशातल्या रामाकोना गावाचा जिल्हा बदलला, छिंदवाड्याचा पांढुर्णा झाला. माती मात्र तीच राहिली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट झिजून झालेली ही काळी माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचा बुजवून टाकते. मग फोर बाय फोर असली तरी चारही चाकं जागच्या जागी फिरत राहतात. पांदणीत गाडी फसली की गावात ट्रॅक्टर आणि साखळी येते. जिथे ट्रॅक्टर येणार नाही अशा वाटांवर फिरणारे गाडीच्या पुढे ड्रमवर दोर गुंडाळून ओढणारा विंच बसवून घेतात. तो विजेचा घ्यायचा की हायड्रॉलिक, हा वाद तिथून सुरू होतो.

विजेचा विंच दिसायला लहानसा. पण चार टन ओढणारा विंच पूर्ण जोरावर साधारण 400 अँपिअर करंट घेतो. बारा व्होल्टने गुणा: 4,800 वॅट, म्हणजे सहा हॉर्सपॉवरच्या वर. विहिरीवरचा थ्री-फेज पंप पाच हॉर्सपॉवरचा असतो, आणि त्याला सात-आठ अँपिअर पुरतात, कारण तिथे व्होल्टेज चारशेच्या घरात आहे. व्होल्टेज कमी म्हणून करंट अफाट, आणि म्हणूनच विंचची केबल बोटाएवढी जाड.

खरी गंमत पुढे आहे. फिरणारी मोटर स्वतःच जनरेटरसारखी उलटा दाब तयार करते आणि बॅटरीच्या करंटला अडवते. गाडी घट्ट रुतलेली असली की मोटर मंदावते, अडवणूक कमी होते, करंट उसळतो आणि त्याबरोबर जोरही वाढतो. म्हणजे काम जितकं अवघड, तितकी ही मोटर आपणहून जास्त ताकद लावते! पण तीच घडी सर्वांत जास्त तापण्याचीही. शिवाय ही सगळी ताकद सावकाराकडून घेतलेली उचल आहे: एक मिनिट 400 अँपिअर काढले, तर 100 अँपिअरच्या अल्टरनेटरला ते फेडायला चार मिनिटं तरी लागतात, तीही दिवे-एसी बंद ठेवून.

हायड्रॉलिक विंच उधारी करत नाही. इंजिनावर चालणारा पॉवर स्टिअरिंगचा पंप तेलाला 100 बारच्या आसपास दाब देतो, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर एक क्विंटल. पास्कलने सतराव्या शतकात सांगितल्याप्रमाणे बंदिस्त द्रवातला दाब सगळीकडे सारखा पोचतो, म्हणून वळणावळणाच्या नळीतूनही जोर हटत नाही. मिनिटाला दहा लिटर तेल धरलं तर हिशोब जेमतेम सव्वादोन हॉर्सपॉवरचा येतो. म्हणून तो सावकाश ओढतो, पण तासन्‌तास ओढतो. भार फारच वाढला तर व्हॉल्व्ह उघडून तेल परत फिरतं. काही जळत नाही. पाण्यात बुडाला तरी चालतो. इंजिन बंद पडलं की मात्र तो लोखंडाचा गोळा, आणि नाल्यात अडकलेल्या गाडीचं इंजिन कधी बंद पडेल सांगता येत नाही. विजेचा विंच अशा वेळी बॅटरीवर दोन-चार मीटर तरी बाहेर काढतो.

आणखी एक अडचण: अनेक नव्या गाड्यांचं स्टिअरिंगच विजेवर चालतं. तेलाचा पंप नाही, म्हणजे निवड कंपनीनेच करून टाकली.

विंचवर लिहिलेली ओढ ड्रमवरच्या दोराच्या पहिल्या थराची असते. थर चढले की ती घटते, म्हणून दोर जास्तीत जास्त सोडावा. फिरती कप्पी लावली तर वेग निम्मा, ओढ जवळपास दुप्पट; विंचपेक्षा ही कप्पी आधी घ्यावी असं माझं मत. दोर अडकवायचा पट्टा धुऱ्यावरच्या जुन्या बाभळीला बांधा, संत्र्याच्या झाडाला नाही. त्याची मुळं उथळ असतात, आणि बागवाल्याची भरपाई विंचपेक्षा महाग पडेल.

पावसाळ्यात दोन-चारदा फसणाऱ्याने विजेचा घ्यावा. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या काढायच्या असतील आणि गाडीत तेलाचा पंप असेल, तर हायड्रॉलिक. कोणताही घ्या, ओढताना तारेच्या दोरावर ओलं गोणपाट टाका आणि बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा दूर उभं करा.