टिपर घेण्याआधी गाडीखाली वाका

नांदेड-लातूरकडे वाळू, मुरूम, खडी वाहण्यासाठी जुना दहाचाकी टिपर घेऊ पाहणाऱ्या बांधवांनी इंजिन नंतर पाहावे, आधी मागचे दोन एक्सल पाहावेत, असे आम्ही सुचवतो.

दहाचाकी दिसायला सारखेच, पण काहींत एकाच एक्सलला इंजिनचा जोर मिळतो. दुसरा नुसते ओझे पेलतो. डांबरी रस्त्यावर आमच्या कापडाच्या गाठी न्यायला ही गाडी उत्तम, डिझेलही कमी खाते. पण पावसाने फुगलेल्या काळ्या मातीत किंवा गोदावरीच्या वाळूत तिची चाके जागीच फिरतात आणि गाडी रुतते. तिथे दोन्ही एक्सल ओढणारीच हवी. तिच्या दोन्ही एक्सलवर डिफरन्शियलचा गोळा आणि मध्ये जोडणारा शाफ्ट दिसतो.

डिफरन्शियल लॉक चालतो का, तेही पाहावे. एक चाक घसरले की जोर तिकडेच वाया जातो; लॉकमुळे दोन्ही बाजूंची चाके एकत्र फिरतात. पक्क्या रस्त्यावर मात्र तो काढावाच, नाहीतर वळणावर टायर घासतात, दातेही तुटतात.

अशी गाडी मुळातच जड. तीन एक्सलच्या ट्रकची वजनमर्यादा २०१८ मध्ये २५ वरून २८.५ टन झाली, पण त्यात गाडीचे वजनही धरलेले असते. भाडे टनावर मिळणार असेल, तर आरसी बुकातले रिकाम्या गाडीचे वजन वाचूनच हप्ता ठरवावा.