बावीस अंशांची खोली

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, मधोमध पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी एकदा ती पाहिली. एका माणसाचं कपाळ फुटलं होतं. त्याने दुपट्टा घट्ट आवळला, थोडा वेळ बसला आणि रक्त थांबल्यावर पुन्हा पात्रात उतरला. ते रक्त कुणी थांबवलं, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. पडला तो फार पुढे, सावनेरला विकत घेतलेला बर्फ मांडीवर घेऊन लोधीखेड्याकडे जाताना.

त्या वर्षी मामाजींच्या मुलीला डेंग्यू झाला होता. आमच्या बाजूच्या एका छोट्या दवाखान्यात ती भरती होती. प्लेटलेट बावीस हजारांवर आल्या होत्या आणि घरात दुसरा विषयच नव्हता. मामाजी दर तासाला फोन करायचे, "पोरीच्या प्लेटलेट किती झाल्या?" मला नागपूरहून दोन पिशव्या आणायला सांगितलं. रक्त म्हणजे थंड ठेवायची वस्तू, एवढंच मला ठाऊक होतं. रक्तपेढीत काहीतरी सांगितलं गेलं असेल, पण घाईत मी ते ऐकलं नाही. सावनेरला गाडी थांबवली, बर्फ घेतला आणि दोन्ही पिशव्या त्यात दाबून बसवल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी पिशवी हातात घेतली, उजेडात धरली आणि बाजूला ठेवली. मला ते काहीच बोलले नाहीत. मुलगी तीन दिवसांत आपोआप सावरली. माझ्या डोळ्यांपुढून मात्र ती उजेडात धरलेली पिशवी हलली नाही.

म्हणून या पावसाळ्यानंतर मी मुद्दाम नागपूरच्या एका रक्तपेढीत जाऊन बसलो. रात्रपाळीला तिथे एक ताई असतात. वीस वर्षांहून जास्त काळ त्या हेच काम करताहेत. नाव छापू नका म्हणाल्या.

लाल पेशींची शीतकपाटं बाहेरच्या खोलीत आहेत, दोन ते सहा अंशांवर. आत काचेच्या दारामागे वेगळं कपाट आहे, बावीस अंशांचं. त्यात जाळीचे खण आणि खणांत आडव्या ठेवलेल्या पिशव्या. सगळे खण डावी-उजवीकडे हलत असतात, मिनिटाला साठ-सत्तर हेलकावे, रात्रंदिवस. याला अ‍ॅजिटेटर म्हणतात. ताई त्याला पाळणा म्हणतात. पाळणा थांबला की भोंगा वाजतो, आणि तो वाजला की त्या हातातलं जेवणाचं ताट ठेवून धावतात.

प्लेटलेट ही पूर्ण पेशीसुद्धा नाही. हाडांच्या मगजात मेगॅकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशी असतात, त्यांचे तुटून पडलेले हे तुकडे. आकार दोन-तीन मायक्रॉन, आयुष्य सात ते दहा दिवस. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या दीड ते साडेचार लाख असतात. 1882 साली इटलीच्या ज्युलिओ बिझ्झोझेरोने त्या ओळखल्या आणि रक्तवाहिनीला भोक पडलं की त्या तिथे चिकटून बूच बनवतात हे दाखवलं. गोटमारीतल्या त्या कपाळावरचं बूच त्यांचंच. 1910 साली बोस्टनमध्ये विल्यम ड्यूकने रक्त थांबत नसलेल्या रुग्णाला दुसऱ्याचं रक्त दिलं. प्लेटलेट वाढल्या आणि रक्त थांबलं.

द्यायच्या हे कळलं, पण साठवायच्या कशा? साठच्या दशकापर्यंत उत्तर सोपं वाटत होतं: बाकीच्या रक्तासारख्याच, चार अंशांवर. फिलाडेल्फियात स्कॉट मर्फी आणि फ्रँक गार्डनर यांनी त्यावर शंका घेतली. थंड ठेवलेल्या आणि बावीस अंशांवर ठेवलेल्या प्लेटलेटना किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून त्यांनी त्या माणसांच्या शरीरात सोडल्या आणि किती दिवस टिकतात ते मोजलं. थंडाव्यातून आलेल्या लवकर नाहीशा झाल्या, खोलीच्या तापमानातल्या कितीतरी जास्त जगल्या. 1969 साली हे प्रसिद्ध झालं. थंडी लागली की प्लेटलेटची चपटी चकती फुगून काटेरी गोळा होते आणि शरीर तिला पटकन गाळून टाकतं. पुढे 1975 मध्ये याच दोघांनी पिशवीच्या प्लास्टिकचाही हिशेब मांडला. प्लेटलेट पिशवीतही श्वास घेतात. प्राणवायू आत गेला नाही तर आम्ल साचतं आणि त्या मरतात. म्हणून प्लास्टिक हवा जाऊ देणारं लागतं, आणि म्हणून पाळणा.

हे ऐकताना मला सावनेरचा बर्फ आठवत होता. ताईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एक पिशवी काढून त्यांनी ट्यूबलाइटसमोर धरली. आतला द्रव फिकट पिवळा होता, तुरीच्या वरणावर निवळून आलेल्या पाण्यासारखा. त्यांनी मनगट हलकेच वळवलं. द्रवातून एक चमक सरकत गेली, नव्या रेशमी पातळाची घडी उन्हात हलावी तशी. "ही जिवंत," त्या म्हणाल्या. चकत्या शाबूत असल्या की प्रवाहात एका दिशेने वळतात आणि उजेड परततो. गोळा झाल्या की पिशवी नुसती गढूळ दिसते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्या दिवशी तेच पाहिलं होतं. मी पिशवी हातात घेतली. मला दोनदा जमलं नाही, तिसऱ्यांदा लहर दिसली, आणि मी ती बराच वेळ खाली ठेवली नाही.

आकडा कमी म्हणजे एकच आजार नव्हे. 1950 मध्ये सेंट लुईसचे तरुण डॉक्टर विल्यम हॅरिंग्टन यांनी, ज्या आजारात प्लेटलेट विनाकारण नाहीशा होतात त्या आजाराच्या रुग्णाचं अर्धा लिटर रक्त स्वतःच्या शरीरात घेतलं. काही तासांत त्यांच्या प्लेटलेट जवळपास संपल्या, झटका आला, आणि सावरायला काही दिवस लागले. मारणारी गोष्ट रक्तद्रवातच आहे हे त्यातून कळलं. अशा रुग्णाला बाहेरून प्लेटलेट दिल्या तरी त्याही मारल्या जातात. उलट ग्लान्झमन आजारात आकडा अगदी बरोबर असतो, पण प्लेटलेट एकमेकींना धरत नाहीत. मुंबईत परळला, केईएमच्या आवारात, 1957 मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली आणि पुढे राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था झालेली जागा आहे. तिथल्या संशोधकांनी ग्लान्झमन असलेल्या मुलांवर काम केलं आहे. या मुलांना प्लेटलेट देतानाही भीती असते, कारण शरीर परक्या प्लेटलेटविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि खऱ्या गरजेच्या वेळी पिशवी कामच करत नाही.

डेंग्यूचं काय? 2017 मध्ये लॅन्सेटमध्ये सिंगापूर आणि मलेशियातल्या रुग्णांचा अभ्यास आला. प्लेटलेट वीस हजार किंवा त्याखाली, पण रक्तस्राव नाही. अशांना आधीच प्लेटलेट देऊन रक्तस्राव टळला नाही. डेंग्यूत लक्ष ठेवायचं ते रक्तद्रव झिरपण्यावर, रक्त घट्ट होण्यावर. मामाजींच्या मुलीला रक्तस्राव नव्हता. त्या दोन पिशव्या तिला लागतच नव्हत्या, आणि मी त्या वाटेत मारल्या. नागपुरातल्या कुठल्या ल्युकेमियाच्या मुलाला त्या मिळाल्या असत्या, हा विचार मला अजून सोडत नाही.

पिशवीचं आयुष्य पाच दिवस. बावीस अंशांवर जंतूही वाढतात, म्हणून त्याहून जास्त नाही. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गरमी, मलेरिया या तपासण्यांतच त्यातला वेळ जातो. दिवाळीत कॉलेजची मुलं गावी जातात, मे महिन्यात शिबिरंच होत नाहीत, आणि डेंग्यू येतो नेमका पावसाळ्याच्या शेवटी, जेव्हा घराघरात आकड्यांचा धसका असतो. "एका पिशवीने पाच-दहा हजार वाढते," ताई म्हणाल्या, "अन् लोक म्हणतात लाख करून द्या."

आमच्या भागाची अडचण याहून जुनी आहे. लोधीखेडा, सौंसर, बोरगाव इथे शिबिरं होतात, माणसं मनापासून रक्त देतात. पण प्लेटलेट काढायच्या तर ते रक्त गार न करता काही तासांत घटक वेगळे करणाऱ्या यंत्रापर्यंत पोचायला हवं. शीतपेटीत चार अंशांवर गेलं की लाल पेशी वाचतात, प्लेटलेट गेल्याच. लहान गावातल्या रक्त साठवण केंद्रात लाल पेशींचं कपाट असतं, पाळणा नसतो. म्हणजे आमचं रक्त नागपूरला जातं, आणि प्लेटलेट लागल्या की आम्हीच त्या आणायला नागपूरला जातो.

रात्री अकराच्या सुमारास सौंसरकडचा एक पोरगा आला. त्याच्या काकांच्या हिरड्यांतून रक्त थांबत नव्हतं. त्याने थर्माकोलचा डबा पुढे केला, तळाशी बर्फ. ताईंनी काही न बोलता बर्फ बेसिनमध्ये ओतला, डबा कोरडा पुसला, पिशवी उजेडात फिरवून पाहिली आणि आत ठेवली.

"गाडीत एसी हाय का?"

"मोटारसायकल हाय ताई."

त्यांनी खिडकी उघडून हात बाहेर काढला. "हवा बरी आहे आता. जाय. वाटेत कुठं थांबू नको, अन् डबा आडवा ठेव."

पोरगा गेला. मागे पाळण्याचा तोच आवाज, आणि ताई वहीत वेळ लिहीत होत्या.