टबाच्या काठचा सांधा

टब असलेल्या न्हाणीघरात खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर ओल उमटली, की गृहस्थ प्रथम नळाला दोष देतो आणि गवंड्याला बोलावणे धाडतो. परंतु पुष्कळदा खरा अपराधी असतो तो टबाचा काठ आणि भिंतीची फरशी यांच्यामधला बोटभरही रुंद नसलेला सांधा.

भिंत अचल असते, टब मात्र तसा नसतो. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलोंचे ओझे. त्यात स्नान करणाऱ्याचे वजन मिळाले म्हणजे अॅक्रिलिकचा टब किंचित वाकतो, आणि पाणी सोडून दिल्यावर पूर्ववत होतो. अशा सांध्यात पांढरे सिमेंट भरले तर ते कठीण असल्यामुळे तडकते आणि त्या तडीतून पाणी भिंतीमागे शिरते. लाकडी गलबते बांधणाऱ्या कारागिरांस हे तत्त्व पूर्वापार अवगत होते. फळ्या फुगतात आणि आक्रसतात, म्हणून त्यांच्या फटीत ते तेल-राळेने माखलेला कापूस ठासून भरीत. न्हाणीघरात तेच कार्य आता लवचीक सिलिकॉन करते.

हे सिलिकॉन काही वर्षांनी काठ सोडू लागते व बुरशीने काळे पडते. तेव्हा त्यावरच नवा थर देण्याचा मोह होतो. पण जुन्या सिलिकॉनवर नवे धरत नाही, म्हणून जुने समूळ काढण्यावाचून गत्यंतर नाही. धारदार सुरीने दोन्ही कडा कापून पट्टी ओढून काढावी, आणि उरलेले अंश प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावेत, कारण लोखंडी पात्याने टबावर चरे पडतात. बुरशी ब्लीचच्या पाण्याने मारावी, जागा स्वच्छ पाण्याने धुऊन पुरती सुकू द्यावी आणि मगच स्पिरिटने पुसावी; ब्लीच व स्पिरिट यांचा परस्परांशी संपर्क होऊ देणे घातक आहे. पावसाळ्यात सुकण्यास दोन दिवसांची मुदत द्यावी.

नंतर सांध्याच्या दोन्ही अंगांना चिकटपट्टी लावून टब पाण्याने भरावा. ओझ्याने टब खाली बसतो, फट पूर्ण उघडते, आणि त्या स्थितीत भरलेले सिलिकॉन पुढे ताणाने तुटत नाही. नळीचे तोंड तिरपे कापून एका संथ हाताने सलग धार सोडावी, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या बोटाने ती दाबून गुळगुळीत करावी, आणि वर साय धरण्यापूर्वी चिकटपट्टी काढून घ्यावी. काही सिलिकॉनला सिरक्यासारखा उग्र वास येतो, म्हणून खिडकी उघडी असावी. ते हवेतील आर्द्रतेने घट्ट होते. निदान 24 तास त्याला पाणी लागू देऊ नये, आणि तोवर टब भरलेलाच ठेवावा.

भरण्याचे काम अर्ध्या तासाचे, पण काढण्या-सुकवण्याचे दोन दिवसांचे. या दुसऱ्या कामात ज्याने हयगय केली नाही, त्याचाच सांधा टिकतो.