तिसरा दिवस, तेरावा दिवस आणि सोमवारची मीटिंग

विशीत आपल्याला येणारे फोन लग्नाचे असतात. हळद कधी, वरात किती वाजता, गिफ्टचं काँट्रिब्युशन कुणाकडे द्यायचं वगैरे. तिशी जवळ आली की हळूच दुसऱ्या प्रकारचे फोन सुरू होतात. पहाटे पाचला मोबाइल वाजतो, स्क्रीनवर गावाकडच्या काकांचं नाव दिसतं आणि उचलायच्या आधीच पोटात गोळा येतो. एवढ्या पहाटे कुणी खुशाली विचारायला फोन करत नाही! आधी आजोबा जातात, मग आत्याचे मिस्टर, मग शाळेतल्या मित्राचे बाबा. रांग पुढे सरकत असते आणि आपल्याला ती दिसतही असते. पण त्या विषयावर बोलायचं कुणाशी? कँटीनमध्ये? छे!

पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या परभणीकराला अशा फोननंतर रडायलाही सवड नसते, कारण आधी गाडी बघायची असते. पनवेल-नांदेड एक्स्प्रेसची वेळ जमेल का? तत्काळ मिळेल का? की सरळ टॅक्सी करून निघायचं? तिकडे नातेवाईक विचारत असतात, ‘कितीपर्यंत पोचशील? थांबायचं ना?’ वडिलांचं शेवटचं दर्शन आणि ट्रॅफिक यांचा हिशेब एकाच डोक्यात चालू असतो.

माझा एक मित्र मूळचा सेलूचा, पुण्यात आयटीत. वडील गेले तेव्हा तो वेळेत पोचला. तिसऱ्या दिवशी राख सावडली, अस्थी घेऊन भावकीसोबत गंगाखेडला गेला. गोदावरीला आपल्याकडे गंगाच म्हणतात, त्यामुळे परभणी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचा हा शेवटचा प्रवास गंगाखेडच्या घाटापर्यंतचा. चौथ्या दिवशी तो पुण्याला परतला, कारण सोमवारी क्लायंटसोबत मीटिंग होती. सगळ्यांनी कौतुक केलं, ‘किती स्ट्राँग आहेस रे!’ दोन महिन्यांनी आईच्या पेन्शनसाठी तो एक फॉर्म भरत होता. ‘मयताचे नाव’ या रकान्यात त्याने लिहिलं, ‘बाबा’. आणि मग पुढची पंधरा मिनिटं तो त्या कागदाकडे नुसता बघत बसला.

आपल्या पिढीला तेराव्याचे विधी म्हणजे कर्मकांड वाटतात. त्यातलं बरंचसं आहेही. पण जरा कामाच्या अंगाने बघा. घरात चूल पेटत नाही, जेवण भावकीतून नाहीतर शेजारून येतं. म्हणजे ज्याच्यावर वेळ आली आहे त्याला ‘आज काय करायचं’ हा प्रश्नच नाही. रोज कुणीतरी भेटायला येतं आणि रोज तीच गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते, ‘सकाळी चहा घेतला, म्हणाले छातीत दुखतंय...’ पहिल्या दिवशी हे सांगताना घसा दाटतो, दहाव्या दिवशी त्याच माणसाचा एखादा खोडकर किस्साही निघतो आणि लोक चक्क हसतात. शेवटी सोयरे टॉवेल-टोपी देतात, गोड जेवण होतं आणि दुखवटा संपला असं अख्खं गाव मिळून ठरवतं.

हे सगळं गोडगोड आहे असं मुळीच नाही. त्या तेरा दिवसांत पाहुण्यांचा रगाडा उपसतात घरातल्या सुनाच. आणि नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं याला सोबत कोण म्हणेल? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा राज्यभर त्याची चर्चा झाली. टाकायचं ते खुशाल टाकावं. आपली गोची अशी, की शहरात आल्यावर आपण वाईटाबरोबर चांगलंही टाकलं आणि त्या जागी काहीच आणलं नाही.

आणला असेल तर एचआरचा एक मेल! शोकासाठी रजा दिलीच पाहिजे, असा कायदा आपल्याकडे खासगी कंपन्यांना नाही. ज्या देतात त्या बहुतेक मोजून तीन-पाच दिवस. शेरिल सँडबर्ग यांचे पती २०१५ मध्ये अचानक गेले. पुढे २०१७ मध्ये त्या अधिकारी असलेल्या फेसबुकने जवळच्या नातलगाच्या मृत्यूनंतरची रजा वीस दिवसांपर्यंत नेली. साहेबांवर वेळ आली की पॉलिसी बदलते, हे जगभर सारखंच म्हणायचं!

इंटरनेटवर दुःखाच्या ‘पाच पायऱ्या’ वाचून आपण त्यातल्या कितवीवर आहोत हे शोधणारेही भेटतात. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ च्या पुस्तकात त्या मांडल्या, पण मुळात त्या मृत्यू समोर दिसणाऱ्या रुग्णांबद्दल होत्या, मागे राहिलेल्यांबद्दल नाही. १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी जे मांडलं ते जास्त पटतं. माणूस दुःख आणि रोजची कामं यांच्यात सारखा ये-जा करतो, आणि दोन्हीकडे जाणं गरजेचं असतं. मित्राला फॉर्म भरताना जे झालं ते हेच. तो कमजोर पडला नव्हता, इतके दिवस फक्त एकाच बाजूला राहिला होता.

गंगाखेडची आणखी एक ओळख म्हणजे संत जनाबाईंचं जन्मगाव. परंपरा सांगते की आई गेल्यावर लहानग्या जनीला वडिलांनी पंढरपूरला नामदेवांच्या घरी पोचवलं. पोरकी मुलगी, परक्या घरातलं काम. तिच्या कथांमधला विठ्ठल मला फार आवडतो. तो तिला ‘वेळ हेच औषध’ वगैरे ऐकवत नाही. जात्याशी बसतो आणि दळू लागतो. आपण मात्र व्हॉट्सअॅपवर हात जोडलेली इमोजी टाकून मोकळे! त्याऐवजी मित्राच्या घरी डबा पोचवा, त्याच्या आईला बँकेत घेऊन जा, महिनाभराने परत फोन करा. तेव्हा बाकी सगळ्यांचे फोन थांबलेले असतात.

आणि स्वतःचं काय? ‘मला काय होतंय’ म्हणत पीएफचं नॉमिनेशन न भरलेले किती जण तुमच्या फ्लोअरवर आहेत, विचारून बघा. नोकरीत असताना कर्मचारी गेला तर पीएफला जोडलेल्या विम्यातून घरच्यांना सात लाखांपर्यंत रक्कम मिळते. नॉमिनेशन नसेल तर त्याच पैशांसाठी आईला कागद घेऊन फिरावं लागतं. काम दहा मिनिटांचं आहे, पण त्या दहा मिनिटांत आपण कधीतरी नसू हे मान्य करावं लागतं. अडतं तिथेच.

परभणीच्या बी. रघुनाथांचं नाव ऐकलं असेल. भगवान रघुनाथ कुलकर्णी, जन्म १५ ऑगस्ट १९१३, गाव सातोना. वडील गेल्यामुळे मॅट्रिकनंतर शिक्षण सोडून त्यांनी निजामाच्या राज्यात बांधकाम खात्यात नोकरी धरली. दिवसा कचेरी आणि उरलेल्या वेळात कविता, कथा, कादंबऱ्या. ७ सप्टेंबर १९५३ ला ते गेले, तेही कचेरीत काम करत असताना. चाळिसावा वाढदिवस होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा त्यांचा कवितासंग्रह १९५५ मध्ये, म्हणजे त्यांच्या मागे निघाला. परभणीत आता त्यांच्या नावाचं सभागृह आहे.