कानटोपी, मोजे आणि आतला धागा

तुळशीचं लग्न लागलं की पत्र्याची पेटी उघडते. डांबरगोळीच्या वासातून आजीच्या हातची कानटोपी बाहेर येते आणि मग कळतं, पोराचं डोकं मोठं झालंय, कान उघडेच राहतात. मागच्या हिवाळ्यात आम्ही गटातल्या बायका अशा टोप्या-मोज्यांचा ढीग घेऊन बसलो होतो. त्यातलं थोडं आज सांगतो.

आधी धागा ओळखा. आपण लोकर म्हणून घेतो ती बऱ्याचदा ॲक्रिलिक असते. बोटभर तुकडा चिमट्यात धरून पाण्याच्या भांड्यावर पेटवा. केस जळल्याचा वास आला आणि राख चुरगळली, तर खरी लोकर. वितळून कडक मणी झाला, तर ॲक्रिलिक. खरी लोकर गरम पाण्यात घासली की आटते, ती परत वाढत नाही. ॲक्रिलिकवर कडक इस्त्री फिरवली की ते लुळं पडतं. दोन्ही चुका आमच्या करून झाल्यात.

टोपी आखूड झाली म्हणून सगळी उसवू नका. खालच्या काठावर सुईने टाके उचला आणि एक सुलट, एक उलट असं दोन-तीन इंच विणा. रंग जुळवत बसू नका, वेगळा पट्टा उलट छानच दिसतो. जाडी मात्र जुळायला हवी. उसवायचंच असेल तर जिथे विणकाम संपलं त्या टोकाने उसवा. सुरुवातीच्या टोकाने ओढलं की धागा अडकतो. आमच्यातल्या एकीने संध्याकाळभर ओढाओढ केली आणि शेवटी कात्री लावली! उसवलेला धागा कुरळा असतो. त्याची लडी करून चार जागी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि दांडीवर टांगून वाळवा. सरळ होतो.

टाका सुटून खाली धावला असेल तर शिडीसारख्या आडव्या दोऱ्या दिसतात. क्रोशाच्या सुईने एकेक दोरी टाक्यातून ओढत वर या.

आता ज्यासाठी हा विषय घेतला ते. गटातल्या एका ताईंची चार महिन्यांची नात रात्रभर रडत होती. ताप नाही, पोटही मऊ. सकाळी मोजा काढला तर आतला सुटा धागा पायाच्या करंगळीला आवळलेला, बोट सुजून जांभळं झालेलं. दवाखान्यात तो कापून काढला, बोट वाचलं. तो मोजा आम्हीच दुरुस्त करून दिला होता. वरून सुबक, आत टोकं लोंबत होती.

तेव्हापासून प्रत्येक वस्तू आम्ही उलटी करतो. प्रत्येक टोक जाड सुईने दोन इंच एका बाजूला, मग परत उलट्या बाजूला ओवतो. शेवटी आत बोटं फिरवून बघतो, काही अडकलं तर पुन्हा उसवतो. बाळ उगाच रडतंय वाटलं तर मोजे काढून एकेक बोट बघा. धागा रुतला असेल तर घरी ब्लेड लावू नका, तडक दवाखाना गाठा.

आणि रांगत्या पोराच्या टोपीला लांब बंद ठेवू नका, गळ्याला फास बसतो. त्याऐवजी खालचाच पट्टा हनुवटीखाली येईल एवढा विणा.